अलर्ट खरंच येतो का, हे चालू नेटवर्कला धक्का न लावता कसं तपासायचं?

रात्रपाळी · सोमवार, रात्री १०:४८

मंडळी, डोकं भणभणलंय, सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या एका डिस्ट्रिब्युशन स्विचला वर जाणाऱ्या दोन लिंक आहेत. त्यातली एक कधीतरी पडली, कोणाला पत्ताच नाही. तीन आठवड्यांनी दुसरी पडली आणि अख्खा मजला बंद. नंतर लॉग उकरले तर पहिली पडली तेव्हाच मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर ओळ आलेली दिसली. फोन मात्र कोणाचाच वाजला नव्हता.

आता साहेबांचा हुकूम असा की सगळे अलर्ट एकदा चालवून दाखव, पण एकही युजर ओरडता कामा नये. मॉनिटरिंगला झॅबिक्स आहे, दीडशेच्या आसपास डिव्हाइस. ट्रॅप (डिव्हाइस स्वतःहून धाडतं तो इशारा) एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलच्या व्ही३ वर, बाकी पोलिंग, म्हणजे सर्व्हरच ठराविक वेळाने विचारतो. मीडिया टाइप, म्हणजे मेसेज जायच्या मार्गासमोरचं 'टेस्ट' बटण दाबून पाहिलं, मेसेज टुणकन आला. म्हणजे ती बाजू ठीक असावी. शनिवारी रात्री एकेक अपलिंक (वर जाणारी लिंक) शट करून, म्हणजे कमांडने बंद करून बघायचा विचार आहे. कोणी केलंय का असं?

केबलकापे · सोमवार, रात्री ११:०५

केलंय. वायर ओढायची आणि घड्याळ बघायचं. बाकी सगळ्या चाचण्या म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचणं.

जागल्या · सोमवार, रात्री ११:३७

रात्रपाळी, शनिवारचा बेत आधी रद्द करा. तुमच्या जोडीतली एक लिंक तीन आठवडे मेलेली होती आणि कळलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग बाकीच्या स्विचवर अशीच एखादी मेलेली लिंक नाही याची खात्री काय? शनिवारी तुम्ही शट कराल ती नेमकी जिवंत असलेली निघेल.

आणि त्या टेस्ट बटणावर विसंबू नका. पोस्टमन पत्र पोचवतो का एवढंच त्यातून कळतं. पत्र लिहायला कोणी बसलंय का, हे कळत नाही. ते बटण ट्रिगर (बिघाड ठरवणारी अट) आणि ॲक्शन (मेसेज कोणाला जायचा तो नियम) दोन्ही ओलांडून थेट मेसेज धाडतं.

अलर्टचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. डिव्हाइसला बिघाड जाणवतो. ते ट्रॅप किंवा सिस्लॉग (लॉगची ओळ) धाडतं, नाहीतर सर्व्हर स्वतः येऊन विचारतो. सर्व्हर ते योग्य डिव्हाइसच्या खात्यावर मांडतो. ट्रिगर पेटतो, ॲक्शन माणूस निवडते, फोन वाजतो, माणूस उठतो. यातल्या फक्त पहिल्या पायरीसाठी डिव्हाइसला हात लावावा लागतो. पुढचं सगळं खोट्या मालावर तपासता येतं. म्हणून मी नेहमी शेवटाकडून सुरुवात करतो.

तुमच्यासाठी पहिलं काम: एक खोटा होस्ट (झॅबिक्समधली डिव्हाइसची नोंद) बनवा, त्याला खऱ्या स्विचच्याच होस्ट ग्रुपमध्ये टाका. त्यावर एक ट्रॅपर प्रकारचा आयटम (बाहेरून धाडलेला आकडा घेणारा) आणि लिंक डाउनच्या ट्रिगरसारखाच ट्रिगर ठेवा. तीव्रता अगदी तीच. ही तीव्रता बदललीत तर चाचणीला अर्थ नाही. मग झॅबिक्स सेंडर या कमांडने आधी १ धाडा, नंतर २. आयएफ-मिबमध्ये (पोर्टच्या माहितीची प्रमाणित यादी) १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. काय होतं ते इथे लिहा.

पॅचकॉर्ड · मंगळवार, सकाळी ८:१०

केबलकापे, तुमच्या 'वायर ओढायची' वर माझा अनुभव ऐका. जुन्या नोकरीत कोअर स्विचला दोन पॉवर सप्लाय होते. 'रिडंडंट आहे, एक काढून अलर्ट बघू' म्हणून मी स्वतःच्या हाताने डावा काढला. पंखे थांबल्यावर जी शांतता पसरते ना, ती अजून कानात आहे. उजवा सप्लाय कित्येक महिन्यांपूर्वीच गेला होता. त्याचाच अलर्ट येत नव्हता, आणि तोच अलर्ट तपासायला मी आलो होतो!

तेव्हापासून नियम केला. रिडंडंट काहीही काढण्याआधी दुसऱ्या जोडीदाराची तब्येत डिव्हाइसवर लॉगिन करून, कमांड चालवून बघायची. मॉनिटरिंगच्या हिरव्या ठिपक्यावर नाही, कारण त्या ठिपक्यावरच तर शंका असते.

केबलकापे · मंगळवार, सकाळी ८:२६

मान्य. सप्लायचं मान्य. वायरीचं नाही.

साधी_पिंग · मंगळवार, सकाळी ९:१५

'डिव्हाइस पडलं' हा अलर्ट तपासायला काहीच पाडावं लागत नाही. १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हे पत्ते आरएफसी ५७३७ मध्ये फक्त दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेत, खऱ्या जगात तिथे कोणी राहत नाही. त्यातला एक पत्ता देऊन होस्ट जोडा. पिंगला कधीच उत्तर मिळणार नाही, अलर्ट पेटलाच पाहिजे.

उणीव एवढीच की तो होस्ट कधी उठत नाही, त्यामुळे 'परत आला' हा मेसेज तपासता येत नाही. त्यासाठी मी मॉनिटरिंग सर्व्हरवरच आयपीटेबल्सचा (लिनक्सचा फायरवॉल) एक नियम लावते: या एका डिव्हाइसकडून येणारं पिंगचं उत्तर टाकून दे. डिव्हाइस मजेत, ट्रॅफिक मजेत, फक्त सर्व्हरला ते मेल्यासारखं वाटतं. नियम काढला की जिवंत.

नियम येणाऱ्या बाजूला लावा, जाणाऱ्या बाजूला नको. जाणारं पॅकेट स्वतःच्याच मशीनवर अडवलं तर पिंग करणाऱ्या प्रोग्रामला 'परवानगी नाही' अशी एरर तिथल्या तिथे मिळते. खऱ्या बिघाडात तसं होत नाही. तिथे वाट बघून टाइमआउट होतो, आणि आपल्याला तेच हवंय.

नियम लावायच्या आधीच तो १५ मिनिटांनी आपोआप निघेल अशी at (ठरल्या वेळी काम करणाऱ्या) कमांडची नोंद करून ठेवा. मी एकदा विसरले होते. तो राउटर आमच्या स्क्रीनवर तीन दिवस 'मेलेला' होता आणि सगळ्यांनी 'साधी_पिंगची चाचणी चालू असेल' म्हणून सोडून दिलं.

तिसरा_डोळा · मंगळवार, सकाळी ९:४०

at कमांड इंग्रजीत लिहायची गरज नव्हती, ॲट कळलं असतं. :) पण हा तीन दिवसांचा किस्सा सगळ्या धाग्यात भारी.

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी ४:२२

जागल्या, एका तासात घबाड सापडलं. सेंडरने २ धाडला, स्क्रीनवर प्रॉब्लेम उमटला, मेसेज नाही. आमच्या ॲक्शनमध्ये अट आहे 'तीव्रता हाय किंवा वर', आणि लिंक डाउनचा ट्रिगर आहे ॲव्हरेज. म्हणजे हा अलर्ट आजवर एकदाही कोणाच्या फोनवर गेलेला नाही. ती अट कोणी, कधी टाकली ते ऑडिट लॉगमध्येही मिळालं नाही, तितके जुने लॉग आम्ही ठेवतच नाही.

आता सरसकट सगळ्या ॲव्हरेजला मेसेज लावला तर फोन दिवसभर बडबडत राहील. म्हणून तूर्तास अपलिंकच्या पोर्टना टॅग लावलाय, आणि तो टॅग असेल तर तीव्रता काहीही असो, मेसेज जाईल.

जागल्या · मंगळवार, संध्याकाळी ६:०१

बरं केलंत. आता डिव्हाइसच्या बाजूकडे वळा. स्विचवर एक नवा लूपबॅक इंटरफेस (वायर नसलेलं, फक्त सॉफ्टवेअरमधलं पोर्ट) बनवा, लूपबॅक ९९ वगैरे, आणि तो शट करून पुन्हा चालू करा. त्यावरून कोणाचं पॅकेट जात नाही, तरी डिव्हाइस खराखुरा लिंक डाउनचा ट्रॅप धाडतं. त्याला आयपी देऊच नका. दिलात आणि राउटिंगमध्ये कनेक्टेड नेटवर्क पुढे वाटायची सोय चालू असेल, तर तुमचं ते पिटुकलं लूपबॅक शेजारच्या राउटरांना निष्कारण जागं करेल. आणि चुकूनही आधीपासून असलेल्या लूपबॅकला हात लावू नका, बहुतेक वेळा राउटर आयडी (राउटरची ओळख) त्याच्यावर टेकलेला असतो.

रात्रपाळी · बुधवार, दुपारी १२:५०

केलं. सिस्लॉग सर्व्हरवर ओळ आली. झॅबिक्समध्ये प्रॉब्लेम नाही. ट्रॅपही नाही. मी काय चुकलो?

तिसरा_डोळा · बुधवार, दुपारी १:३५

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र दिसतायत, सोडवून घेऊ.

पोलिंगमध्ये प्रॉब्लेम न येणं बरोबरच आहे. झॅबिक्सच्या तयार टेम्प्लेटचा (अनेक होस्टना लावायचा साचा) डिस्कव्हरी फिल्टर, म्हणजे कोणते इंटरफेस बघायचे ती चाळणी, लूपबॅक नावाचे इंटरफेस मुळातच वगळतो. सर्व्हर त्याला कधी विचारणारच नाही, तुम्ही दिवसभर शट करत बसा.

आणि हे सगळ्यांसाठी सांगतो: एखादं खरं पोर्ट शट करूनही तुम्हाला केबल तुटल्याची चाचणी मिळत नाही. आयएफ-मिबमध्ये पोर्टच्या दोन अवस्था असतात. ॲडमिन स्टेटस म्हणजे माणसाची इच्छा, ऑपर स्टेटस म्हणजे वस्तुस्थिती. शट केलं की दोन्ही बंद होतात. केबल तुटली की इच्छा चालूच राहते, वस्तुस्थिती बंद होते. बऱ्याच ठिकाणी नियम 'ॲडमिन चालू, ऑपर बंद' असाच लिहिलेला असतो, कारण मुद्दाम बंद केलेल्या पोर्टवर कोणाला बोंब नको असते. असा नियम शटडाउनने तपासलात तर तो पेटत नाही आणि तुम्ही चांगल्या नियमाला नावं ठेवता.

सिस्लॉगमध्ये तर याहून गंमत. सिस्को आयओएसवर पोर्ट शट केलं की 'लिंक-५-चेंज्ड' ही ओळ येते, केबल निघाली की 'लिंक-३-अपडाउन'. मधला आकडा तीव्रतेचा, ० सगळ्यात गंभीर, ७ म्हणजे डिबग. समजा तुमचा सर्व्हर ४ पर्यंतच्याच ओळींवर अलर्ट देतो. शटडाउनची चाचणी नापास, खरी केबल तुटली तर पास. नियम ५ च्या ओळीतला मजकूर शोधत असेल तर उलटं, आणि ते जास्त वाईट.

आता ट्रॅप न येणं. हा मात्र खरा शोध वाटतो. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, यूडीपी १६२ या ट्रॅपच्या पोर्टवर, फक्त त्या स्विचच्या पत्त्यासाठी. पुन्हा लूपबॅक शट करा. पॅकेट दिसतं का सांगा.

रात्रपाळी · बुधवार, दुपारी २:१०

पॅकेट येतंय! शट केल्याबरोबर. पण ट्रॅप लॉगच्या फाइलमध्ये काहीच नाही.

तिसरा_डोळा · बुधवार, दुपारी २:१८

तो स्विच मधल्या काळात बदलला होता का?

रात्रपाळी · बुधवार, दुपारी २:२१

पाच महिन्यांपूर्वी. जुन्याची कॉन्फिग जशीच्या तशी नव्यावर चढवली होती. तुम्हाला कसं कळलं?

तिसरा_डोळा · बुधवार, दुपारी २:४५

पोळलोय म्हणून. व्ही३ च्या ट्रॅपमध्ये अधिकार पाठवणाऱ्याच्या इंजिनकडे (डिव्हाइसमधला एसएनएमपी सांभाळणारा भाग) असतो. त्यामुळे घेणाऱ्या सर्व्हरवर युजर नोंदवताना त्या डिव्हाइसचा इंजिन आयडीही (त्या इंजिनची ओळख) द्यावा लागतो. डिव्हाइस बदललं की सहसा इंजिन आयडी बदलतो. युजर तोच, पासवर्ड तोच, पण सर्व्हरच्या लेखी हा अनोळखी माणूस. तो पॅकेट गुपचूप टाकून देतो. पोलिंग मात्र व्यवस्थित चालतं, कारण तिथे सर्व्हर आधी डिव्हाइसला इंजिन आयडी विचारून घेतो. म्हणून आलेख छान हलत राहतात आणि कोणाला संशय येत नाही.

नवा आयडी नोंदवा, ट्रॅप घेणारी सेवा पुन्हा चालू करा.

आणि लॅपटॉपवरून नेट-एसएनएमपीच्या कमांडने खोटा ट्रॅप मारून 'चालतंय' म्हणणाऱ्यांसाठी: ही अडचण त्या चाचणीत कधीच सापडली नसती. लॅपटॉपचा पत्ता वेगळा, इंजिन आयडी वेगळा, वाटेतल्या फायरवॉलचे नियमही वेगळे. खोटा ट्रॅप ट्रिगर लिहिताना उपयोगी. पण प्रत्येक डिव्हाइसकडून एक तरी ट्रॅप त्याच्या स्वतःच्या तोंडून आला पाहिजे. ज्युनॉसमध्ये (जुनिपरच्या डिव्हाइसची प्रणाली) तर डिव्हाइसलाच हवा तो ट्रॅप खोटा पाठवायला सांगायची कमांड आहे, स्पूफ-ट्रॅप. लूपबॅकचीही गरज नाही.

नवखा_ॲडमिन · बुधवार, संध्याकाळी ५:३०

मध्येच विचारतो, सीपीयू आणि तापमानाचं काय करायचं? सीपीयू वाढवायला डिबग (बारीकसारीक नोंदी) चालू करून बघू का?

पॅचकॉर्ड · बुधवार, संध्याकाळी ५:३४

नको रे बाबा. चालू राउटरवर सगळे डिबग लावले की सीपीयू वाढतो हे खरं, पण मग तो डिबग बंद करायची कमांड टाइप करायलाही राउटर उसंत देत नाही.

डिव्हाइस जसं आहे तसं ठेव, उंबरठा खाली आण. मर्यादा ९० टक्के असेल आणि राउटर १२ टक्क्यांवर चालत असेल, तर त्या एकाच होस्टवर मॅक्रो (मर्यादेचा आकडा ठेवायची जागा) बदलून मर्यादा ५ कर. टेम्प्लेटवर बदललंस तर दीडशे डिव्हाइस एकदम बोंबलतील. तापमानाचंही तेच, हवेच्या जाळीवर पुठ्ठा धरायचा नाही. नियम 'सलग ५ मिनिटं' असा असेल तर ५ मिनिटं थांब, दोन मिनिटांत 'येत नाही' म्हणून दुसरं काही बदलू नकोस. झालं की मॅक्रो पुसून टाक. जुना आकडा हाताने परत लिहू नकोस, नाहीतर उद्या टेम्प्लेटमधली मर्यादा बदलली तरी हा होस्ट जुन्यालाच धरून बसेल.

अर्धवट_अपडेट · बुधवार, रात्री ९:१२

आम्ही प्रोमिथियसवाले (हीसुद्धा मॉनिटरिंगची प्रणाली) यातलं बरंचसं डिव्हाइसपर्यंत जाण्याआधीच उरकतो. तिच्या प्रॉमटूल या कमांडमध्ये नियमांची चाचणी लिहिता येते: अमुक मिनिटाला अमुक आकडा, तर अमुक अलर्ट पेटला पाहिजे. पुढचा टप्पा बघायला ॲमटूलने खोटा अलर्ट थेट अलर्टमॅनेजरमध्ये (मेसेज पाठवणारा भाग) टाकतो. नवख्यांना एक गोष्ट गोंधळात पाडते. अलर्टमॅनेजर पहिल्या मेसेजआधी मुळात ३० सेकंद थांबतो, आणि त्याच गटात नवा अलर्ट आला तर पुढचा मेसेज ५ मिनिटांनी. लागोपाठ दोन चाचण्या केल्यात तर दुसरी 'हरवली' असं वाटतं. ती रांगेत असते.

केबलकापे · गुरुवार, सकाळी ७:५५

सगळं वाचलं. आता तरी वायर ओढू द्याल की नाही? ॲडमिन चालू, ऑपर बंद ही अवस्था शेवटी वायरीनेच येते ना.

जागल्या · गुरुवार, सकाळी ८:३०

ओढा, पण स्वतःची ओढा. ॲक्सेस स्विचवरचं एक मोकळं पोर्ट घ्या, एक जादा लॅपटॉप लावा, पोर्टला अपलिंकचाच टॅग द्या. झॅबिक्सचा ट्रिगर 'आधी चालू होतं, आता बंद झालं' हा बदल बघतो, म्हणून ते पोर्ट आधी चालू अवस्थेत एक-दोनदा पोल होऊ द्या, मगच केबल काढा. आणि पोर्टफास्ट (हे साध्या मशीनचं पोर्ट आहे असं स्विचला सांगणारी सेटिंग) लावलंय ना ते बघा. नाहीतर जुन्या एसटीपीत (स्विचमधले वळसे टाळणारा प्रोटोकॉल) साधं लॅपटॉपचं पोर्ट वर-खाली झालं तरी टोपॉलॉजी बदलल्याची दवंडी पिटली जाते आणि सगळे स्विच मॅक टेबलची (कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर त्याची यादी) मुदत ३०० सेकंदांवरून १५ वर आणतात. एका लॅपटॉपसाठी अख्ख्या नेटवर्कभर फ्लडिंग, म्हणजे पॅकेट सगळ्या पोर्टवर.

साधी_पिंग · गुरुवार, सकाळी ९:०५

आणि ड्युटीवरच्या माणसाला सांगून ठेवा.

केबलकापे · गुरुवार, सकाळी ९:०९

सांगितलं तर चाचणी कसली? तो फोन हातात घेऊनच बसेल.

साधी_पिंग · गुरुवार, सकाळी ९:३१

मेसेज पोचतो का हे बघायचं असेल तर सांगूनच करायचं. माणूस उठतो का हे बघायचं असेल तर न सांगता, पण वेगळ्या दिवशी, त्याच्या वरिष्ठाला विचारून, आणि महिन्यातून एकदाच. रोज 'लांडगा आला' ऐकवलंत तर माणूस फोन उलटा ठेवून झोपायला शिकतो. आमच्याकडे शिकला होता.

आणि डिव्हाइस मेंटेनन्समध्ये टाकून चाचणी करू नका. मेंटेनन्समध्ये मेसेज दाबून ठेवले जातात. तासभर शोधाल आणि अलर्ट आपणच गप्प केलेला असेल.

रात्रपाळी · शुक्रवार, दुपारी १२:१५

झालं. नोंद जशीच्या तशी:

१०:०२:१० केबल काढली.
१०:०२:११ ट्रॅप लॉगमध्ये आला. इंजिन आयडी दुरुस्त केल्यावर पहिल्यांदाच.
१०:०२:४७ पोलिंगने पोर्ट बंद पाहिलं, प्रॉब्लेम तयार.
१०:०२:५० मेसेज सुटला.
१०:३२:५० ड्युटीवरच्या माणसाचा फोन वाजला.

मधल्या अर्ध्या तासाचं कारण: यादीतला पहिला नंबर ज्यांचा आहे ते सहकारी कधीच दुसऱ्या विभागात गेलेत. मेसेज त्यांना मिळाला, त्यांनी 'जुन्या सिस्टिमचं काहीतरी' म्हणून सोडून दिला. आमची दुसरी पायरी ३० मिनिटांनी आहे, तेव्हा कुठे योग्य माणसाला गेला.

केबल परत लावल्यावर पोलिंगचा प्रॉब्लेम मिटला, मेसेजही आला. ट्रॅपवरचा मात्र उघडाच राहिला. लिंक अपचा ट्रॅप आला की तो मिटवायचा, ही अट आम्ही कधी घातलीच नव्हती. स्विचचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं तेही यातच कळलं, वरच्या सगळ्या वेळा सर्व्हरच्या आहेत.

केबलकापे · शुक्रवार, दुपारी १२:२४

वायरीने काम केलं. मी काही बोलत नाही.

जागल्या · शुक्रवार, दुपारी १:४०

छान नोंद. एकच विचारतो. इंटरनेटची लिंक पडल्याचा मेसेज तुमच्याकडे कुठल्या वाटेने बाहेर जातो?

रात्रपाळी · शुक्रवार, दुपारी १:४३

इंटरनेटच्या लिं... अरे देवा.

रात्रपाळी · पुढचा गुरुवार, संध्याकाळी ६:२०

सिमकार्डवाला मोडेम सर्व्हरला जोडलाय. चाचणी साधी_पिंगच्या पद्धतीने केली: ईमेल आणि मेसेज सेवेकडे जाणारी वाट फक्त मॉनिटरिंग सर्व्हरपुरती आयपीटेबल्सने अडवली, ॲटची नोंद आधी करून. युजरना काही कळलं नाही. मोडेमवरून एसएमएस गेला, पण तिसऱ्या प्रयत्नात. रॅकच्या लोखंडी कपाटात त्याला सिग्नलच मिळत नाही. अँटेनाची लांब वायर मागवलीय. ती लागली की पुन्हा अडवून बघतो आणि इथे टाकतो.